नंगाऱ्याचें टिपरूं आणि बोटांचा ताबा

वाशीम जिल्ह्यांतील मानोरा तालुक्यांत पोहरादेवी नांवाचें गांव आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो, आणि रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या तांड्यांतून तेथें भाविक लोटतात. या समाजाचें मानाचें वाद्य म्हणजे नंगारा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें तेथें बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें. त्या इमारतीला आकारहि नंगाऱ्याचाच दिलेला आहे. वाद्याचा याहून मोठा गौरव तो कोणता? तथापि एक वस्तु कोणत्याहि संग्रहालयास कांचेच्या कपाटांत ठेवतां येत नाहीं. ती म्हणजे टिपरूं धरणाऱ्या हाताची विद्या. ती एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली तरच टिकते.

या विद्येविषयीं सुशिक्षितांतहि एक गैरसमज दिसतो. वाद्य मोठें, तेव्हां तें बडवावयास बळ मोठें पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक ताणलेलें कातडें हें स्वतःच एक शक्ति आहे. अंगणांत रबराचा चेंडू आपटणारें मूल तो जमिनीवर दाबून धरीत नाहीं. चेंडू वर उसळतो आणि मूल त्याला फक्त योग्य क्षणीं पुन्हां खालीं धाडतें. टिपऱ्याचेंहि तसेंच आहे. आघात होतांच कातडें टिपऱ्याला वर फेंकतें. मूठ घट्ट आवळलेली असेल, तर ती उसळी मनगटांत जिरते, पुढचा प्रत्येक आघात नव्यानें उचलावा लागतो, आणि दाबलेल्या कातड्याचा नादहि कोंडला जातो. म्हणून श्रम अधिक आणि ध्वनि उणा, असा उफराटा व्यवहार घडतो.

मग टिपरूं धरावें कसें? आंगठ्याचें पेर आणि तर्जनीचें पेर यांच्यामध्यें तें असें धरावें कीं, तराजूच्या दांडीप्रमाणें त्या एका बिंदूवर तें डोलूं शकेल. हा बिंदु सामान्यतः मागच्या टोंकापासून एकतृतीयांश लांबीच्या आसपास येतो. परंतु प्रत्येक टिपऱ्याचें वजन निराळें असल्यामुळें तो शोधून काढावा लागतो. टिपरूं निरनिराळ्या जागीं सैल धरून वाद्यावर नुसतें पडूं द्यावें आणि उसळ्या मोजाव्या. जेथें उसळ्या अधिकांत अधिक, तेथें धरण्याची जागा. उरलेलीं तीन बोटें टिपऱ्यास हलकेंच टेंकलेलीं असावींत. तीं हवेंत तरंगूं नयेत, तळहातांत रुतूंहि नयेत. उसळून आलेलें टिपरूं परत खालीं धाडण्याचें काम त्यांचें. थोडक्यांत, मोठा आघात बाहूचा, मध्यम आघात मनगटाचा, आणि लहान व जलद आघात बोटांचा, अशी ही कामाची वांटणी आहे.

वाद्यागणिक हें प्रमाण बदलतें. नंगाऱ्याच्या जाड टिपऱ्यांना बाहूचें व मनगटाचें साहाय्य अधिक लागतें. गोंधळ्यांच्या संबळाला दोन तोंडें असतात व एका टिपऱ्याचें टोंक वांकडें असतें. तेथें दोन हातांचीं कामेंच भिन्न. ताशाच्या काड्या बारीक, म्हणून त्याच्या तडतडाटांत बोटांचें राज्य. हलगी वाजविणाऱ्याचा डावा हात तर वाद्य सांवरून त्याच हाताच्या बोटांनीं पातळ काडी नाचवितो. युरोपांतील लष्करी वादकांचा ढोल खांद्यावरून तिरपा लोंबकळत असे. म्हणून त्यांनीं डाव्या हाताची काडी आंगठ्याच्या खोबणींत, तळहात वर करून धरण्याची रीत पाडली. ढोल तिवईवर सपाट ठेवला जाऊं लागल्यावर अनेकांनीं दोन्ही हातांची पकड सारखी केली. तात्पर्य, पकड ही परंपरेची लहर नसून वाद्याच्या ठेवणीचें उत्तर असतें.

घरीं अभ्यास करणाऱ्या मुलानें प्रथम पाटावर रबराचा जाड तुकडा ठेवावा. उशी उसळी देत नाहीं, म्हणून ती मनगटाच्या व्यायामास ठीक. बोटांच्या शिक्षणास निरुपयोगी. घड्याळाच्या टिकटिकीबरोबर सेकंदास एक आघात, प्रत्येक हातानें स्वतंत्र, असा आरंभ करावा. आवाज एकसारखा येऊं लागला कीं दोन, मग चार. पुढें एकाच हालचालींत दोन आघात साधावे: पहिला मनगटाचा, दुसरा उसळीचा, आणि त्या दुसऱ्याला बोटांनीं बळ द्यावें. दुर्बल हातास दुप्पट वेळ द्यावा. कारण लय बिघडते ती नेहमीं त्याच्याच बाजूनें. बोटांचीं पेरें पांढरीं पडणें, तळहातास फोड येणें, खांदा वर चढणें, हीं मूठ आवळल्याचीं चिन्हें होत. मनगट दुखूं लागतांच थांबावें. दुखणें सोसून वाजविण्यांत पुरुषार्थ मानणारा वादक पुढें सगळा हातच गमावून बसण्याचा धोका पत्करतो.

यात्रेंत किंवा गणेशोत्सवांत तासन् तास वाजविणाऱ्या वृद्ध वादकाकडे लक्षपूर्वक पाहावें. त्याची मूठ सैल, खांदा स्वस्थ आणि मुद्रा शांत असते. हलतात तीं बोटें. मुलांना नंगारा दाखविण्यास अवश्य न्यावें. परंतु वाद्य पाहून झाल्यावर त्या हाताशेजारींहि त्यांना घटकाभर बसवावें. वाद्य जपण्यास इमारत पुरते. विद्या जपण्यास शिष्यच लागतो.