विहिरीचे पाणी आणि खाऱ्या टाकीतले नायट्रेट

पांढुर्ण्याला किंवा सौसरला घरात समुद्री माशांची छोटी टाकी ठेवायची, तर समुद्राचे पाणी आपल्यालाच तयार करावे लागते. मीठ पिशवीतून येते, मासे बाहेरगावाहून येतात; पाणी मात्र इथलेच, विहिरीचे, बोअरचे नाहीतर नळाचे. टाकीत नायट्रेट चढले की बहुतेक जण फिल्टर बदलतात, औषधाची बाटली आणतात. आपल्या भागात पहिली तपासणी व्हायला हवी ती टाकीत ओतल्या जाणाऱ्या पाण्याची.

नायट्रेट तयार कसे होते

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया माशांना लवकर मारतो; नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साठत जाते. छोट्या खाऱ्या टाकीत ते खाऊन टाकणारे फारसे कुणी नसते.

प्रवाळाच्या बेटांभोवती नायट्रेट सहसा लिटरमागे १ मिलिग्रॅमहूनही कमी असते. घरच्या टाकीत २ ते १० मिलिग्रॅम हे सोयीचे लक्ष्य. ते फार वाढले की दगडांवर केसाळ शेवाळ चढते आणि प्रवाळाचा रंग तपकिरी, मळकट होतो. पण शून्यही नको. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला नायट्रोजन लागतो. तो मिळाला नाही तर प्रवाळ फिके पडते.

आपल्या भागातले पाणी

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा हा संत्र्याचा, कापसाचा मुलूख. बगीच्यांना युरिया पडतो, शेणखत पडते. नायट्रेटचा कण ऋणभाराचा असल्याने काळ्या मातीतली चिकणमाती त्याला धरून ठेवत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर तो खाली उतरतो आणि बेसाल्टच्या फटींतून विहिरीत पोचतो. वस्तीतले शोषखड्डे आणि गोठे त्यात भर घालतात.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने ग्रासलेल्या देशातल्या प्रमुख जिल्ह्यांत अमरावती, वर्धा आणि यवतमाळ ही नावे आहेत. अमरावतीचा वरुड तालुका तर आपल्या शिवेला लागून. एकाच गावातल्या दोन विहिरींचे आकडे वेगळे निघू शकतात, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. तुरटीने ते जात नाही आणि उकळल्याने उलट दाट होते.

साधा हिशेब

समजा, टाकीत ६० लिटर पाणी आहे. वैशाखात कूलरच्या वाऱ्याने त्यातले रोज १ लिटर उडून जाते. वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ आणि नायट्रेट टाकीतच राहते. ती तूट भरायला लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेटचे पाणी ओतले, तर टाकीचा आकडा रोज पाऊण मिलिग्रॅमने चढतो. महिन्याला झाले साडेबावीस, आणि यात माशांच्या खाद्याचा वाटा अजून धरलेलाच नाही.

आता पाणी बदलण्याचे पाहू. टाकीत नायट्रेट ४० आहे आणि १२ लिटर, म्हणजे पाचवा हिस्सा पाणी बदलले. नवे पाणी नायट्रेटमुक्त असेल तर आकडा ३२ वर येतो. नवे पाणी ४५ चे असेल तर तो ४१ होतो. एवढे श्रम करून नायट्रेट वाढलेच! ‘दर आठवड्याला पाणी बदलतो, तरी उतरत नाही’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

आरओचे पाणी तपासून घ्या

आरओच्या पडद्यातून बरेचसे नायट्रेट अडते. पण घरगुती यंत्रांत पाण्याला चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर बसवलेला असतो. तो गाळलेल्या पाण्यात थोडे न गाळलेले पाणी मिसळतो, आणि अडवलेले नायट्रेट त्या वाटेने परत येते. टाकीसाठी पाणी घेताना हा कंट्रोलर बंद करून घ्यावा किंवा पडद्यातून थेट निघणाऱ्या नळीचे पाणी भरावे. खनिजे मिसळणारे काडतूस असेल तर पाणी त्याच्या आधीच काढावे. त्यापुढे डीआय (आयन काढून टाकणारे) रेझिन लावले तर उरलेसुरलेही जाते. रेझिन संपल्यावर अडकलेले नायट्रेट पुन्हा सुटू शकते, म्हणून ते वेळेवर बदलावे.

आकडा नीट वाचा

नायट्रेट मोजायची कीट खाऱ्या पाण्याला चालणारी हवी. ती आकडा नायट्रेटचा दाखवते की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा, हे माहितीपत्रकात पाहावे. दुसऱ्या आकड्याला सुमारे ४.४ ने गुणले की पहिला मिळतो. काही कीटमध्ये एका बाटलीत पूड तळाशी बसते. ती बाटली सांगितली आहे तितका वेळ जोरात हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. रंग दिवसाच्या उजेडात जुळवावा. नव्या टाकीत नायट्राइट शिल्लक असेल तर नायट्रेटचा आकडा फुगतो.

उतरवण्याचा क्रम

१. टाकीचे आणि भरायच्या पाण्याचे नायट्रेट वेगवेगळे मोजावे.

२. खाद्य कमी करावे. गोठवलेले खाद्य आधी वितळवून गाळणीत धुवावे आणि ते पाणी फेकून द्यावे. मासे जास्त झाले असतील तर कमी करावेत.

३. फिल्टरचा कापूस दोन-तीन दिवसांनी बदलावा. त्यात अडकलेली घाण तिथेच कुजली तर फिल्टरच नायट्रेट वाढवतो.

४. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी शुद्ध पाण्यात मीठ मिसळून बदलावे. नवी भर पडली नाही तर चार आठवड्यांत ४० चा आकडा साडेसोळाच्या आसपास येतो.

५. प्रोटीन स्किमर घाण कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर काढतो. जागा असेल तर मागच्या कप्प्यात चेटोमॉर्फा हे शेवाळ वाढवावे. ते नायट्रेट खाते, आणि वाढलेला भाग काढून टाकला की नायट्रेटही बाहेर जाते.

६. सच्छिद्र दगडांच्या आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. हे दगड गाळाने बुजू देऊ नयेत.

घाई नको

४० चा आकडा एका दिवसात ५ वर आणला तर प्रवाळाला धक्का बसतो. उतरणे आठवड्यांच्या हिशेबाने व्हावे आणि फॉस्फेटवरही नजर असावी. व्हिनेगर किंवा व्होडकाचे थेंब टाकून जिवाणू वाढवण्याची पद्धत आहे, पण छोट्या टाकीत ती जपूनच वापरावी. जिवाणू एकदम वाढले की प्राणवायू खातात. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी तापले की त्यात आधीच प्राणवायू कमी विरघळतो, त्यात वीज गेली तर रात्रीत मासे जातात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

प्रवाळ आणि कायदा

कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्री पंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रातून तोडलेले प्रवाळ किंवा त्याचे दगड विकत घेऊ नयेत. भट्टीत भाजलेल्या सच्छिद्र चिनीमातीच्या दगडांवर जिवाणू तितकेच छान वसतात. समुद्राची आवड असणाऱ्याने समुद्र ओरबाडू नये.

ही तपासणी घरासाठीही

टाकीच्या निमित्ताने विहिरीचा आकडा हाती आला आणि तो ४५ च्या वर असेल, तर विषय टाकीपुरता राहत नाही. तान्ह्या बाळाच्या दुधात असे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडते. छंदाच्या कीटवर न थांबता नमुना लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत द्यावा आणि निकाल येईपर्यंत बाळासाठी दुसरे पाणी वापरावे. माशांसाठी आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी घरातल्या सगळ्यांत लहान जिवासाठी आधी घ्यायला हवी.