अँप्लिफायर बदलण्यापूर्वी

घरात स्टिरिओ आहे, स्पीकरही बरे आहेत. पण आवाज वाढवला की गाणे फाटते, डग्ग्याचा घुमारा जाऊन नुसते धपधप ऐकू येते, ही तक्रार पुष्कळांची असते. मग कोणीतरी सांगतो, "अहो, जास्त वॅटचा अँप्लिफायर घ्या!" सल्ला अगदीच खोटा नाही. पण पदरचे पैसे मोजण्यापूर्वी हे यंत्र काय काम करते, ते पाहू या.

पाटाचे दार एक माणूस हाताने वरखाली करतो. पाणी मात्र धरणाचे असते. अँप्लिफायरचेही असेच आहे. रेडिओकडून किंवा मोबाइलकडून येणारा संदेश फार अशक्त असतो. तो दार हलवणारा हात. स्पीकरचा पडदा हलवणारे बळ येते ते घरातल्या विजेचे.

मग २० वॅटच्या जागी ४० वॅट आणले, तर आवाज दुप्पट होईल का? नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो थोडासाच मोठा वाटतो. दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दसपट लागते. उलट, १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा घेतला, तर तेवढाच आवाज निम्म्या शक्तीत मिळतो.

तरीही जादा वॅटचा उपयोग आहे. तबल्याची थाप पडते त्या क्षणी एकदम पुष्कळ शक्ती लागते. ती अँप्लिफायरजवळ नसली, तर ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात. यालाच आपण आवाज फाटला असे म्हणतो. अशा छाटलेल्या लहरीत तीव्र स्वरांचा भार वाढतो आणि बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जळू शकतो. म्हणजे पाहा, लहान अँप्लिफायर पूर्ण पिळला तरी स्पीकर जातो! म्हणून आवाज फाटला की बटण मागे घ्यावे. ओहमचा आकडाही जुळवावा. ८ ओहमसाठी केलेल्या अँप्लिफायरला ४ ओहमचा स्पीकर जोडला, तर त्याच्यावर जवळजवळ दुप्पट विद्युत्प्रवाहाचा बोजा पडतो आणि तो तापतो.

जुना संच सारखा घूंऽऽ करत असेल, तर तो टाकून देण्याची घाई नको. वीजपुरवठ्यातले कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतात. मग विजेची गुणगुण आवाजात उतरते. ते बदलले की पुष्कळदा संच पुन्हा नीट वाजतो. मात्र प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि तिचा धक्का जिवावर बेतू शकतो. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

बिनपैशाची तपासणी मात्र प्रत्येकाला करता येते. दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खर्जाचे स्वर एकमेकांना मारतात. शिक्षकबंधुभगिनींना हा प्रयोग वर्गातही करता येईल. स्पीकर अँप्लिफायरपासून सोडवावा. दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक त्याच्या तांबड्या खुणेला आणि ऋण टोक काळ्या खुणेला क्षणभर लावावे. बहुतेक स्पीकरमध्ये मोठा पडदा पुढे येतो. टोके उलटी केली की मागे जातो. वीज आणि चुंबक यांचे नाते मुलांना डोळ्यांनी दिसते.

खोलीचाही विचार करावा. स्पीकर कोपऱ्यात असला की खर्ज फुगतो. तो थोडा पुढे ओढावा. उघड्या फरशीवर आवाज घुमतो. तेथे जाड गोधडी किंवा सतरंजी अंथरावी.

तेव्हा आधी तारा, मग जागा, मग दुरुस्ती, आणि शेवटी खरेदी. एवढे करूनही आवाज फाटत असेल, तर खुशाल नवा अँप्लिफायर आणावा. तो खर्च वाया जाणार नाही.