सिलतऱ्यातलं ‘कायमचं’ लायसन्स

रायपूरहून बिलासपूर रस्त्याला लागलं, की शहर पुरतं मागे पडायच्या आतच सिलतरा लागतं. छत्तीसगड राज्य औद्योगिक विकास महामंडळाच्या या वसाहतीत स्पंज आयर्नच्या भट्ट्या, इंडक्शन फर्नेस आणि रोलिंग मिल एकमेकींना खेटून उभ्या आहेत. नागपूरच्या जायसवाल निको समूहाचा पोलाद कारखाना इथला, गोदावरी पॉवर अँड इस्पातही इथलीच. अशा मोठ्या कंपन्यांकडे संगणकाचा स्वतंत्र विभाग असतो, त्यांचं निभतं. त्यांच्या आजूबाजूला जे मध्यम आणि लहान कारखाने आहेत, त्यांच्या हिशेबाच्या खोलीची गोष्ट मला सांगायची आहे. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात जाणाऱ्या कितीतरी मराठी घरांतल्या माणसांनी अशा खोल्यांत नोकऱ्या केल्या, आणि या गोष्टीचा भार त्यांनीच वाहिला.

या खोल्यांतून गेल्या तीसेक वर्षांत सॉफ्टवेअर घेतलं गेलं ते ‘एकदाच आणि कायमचं’ म्हणून. तरीही दर काही वर्षांनी पुन्हा पैसे मोजावे लागले. लायसन्सची मुदत तर कधी संपलीच नव्हती. कर-कायदा बदलला, की नवी आवृत्ती घ्यावी लागे; नवी आवृत्ती आणली, की ती जुन्या सर्व्हरवर चालत नसे. या साखळीतली प्रत्येक कडी वेगळ्याच कोणाच्या हातात होती. सरकारच्या तारखा दिल्लीत ठरत, विंडोजच्या अमेरिकेत, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या बंगळूरला. तिन्हींचा ताळमेळ घालायचं काम मात्र सिलतऱ्यातल्या हिशेबनीसावर येऊन पडे.

नव्वदच्या दशकात ‘नेटवर्क’ म्हटलं की नॉव्हेलचं नेटवेअर. डॉसवरचे फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले प्रोग्राम, स्टोअरचा साठा, एक्साइजची रजिस्टरं हे सगळं त्या सर्व्हरवर. १९९४ साली एक्साइजच्या गेटपासची जागा इन्व्हॉइसने घेतली आणि माल फाटकाबाहेर काढणारा कागद हिशेबाच्या खोलीत तयार होऊ लागला. पुढच्या सगळ्या ओढाताणीचं मूळ मला तिथे दिसतं. नेटवेअरचं लायसन्स माणसांच्या संख्येवर असे. पाच जणांचं घेतलं तर सहाव्याला लॉगिन मिळत नसे. एकाच अनुक्रमांकाची प्रत दोन सर्व्हरवर चढवली, तर सर्व्हर एकमेकांना ओळखत आणि स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचा इशारा साऱ्या नेटवर्कवर झळकत असे. शिस्त कडक होती, पण नियम समोर दिसत होता.

नॉव्हेलने आणखी एक गोष्ट चांगली केली, ती नोंदवली पाहिजे. १९९३ साली नेटवेअर ४ आलं तेव्हा वापरणाऱ्यांची नोंद ठेवायची जुनी ‘बाइंडरी’ पद्धत जाऊन नवी डिरेक्टरी आली. बाइंडरीशीच बोलायला शिकलेले जुने प्रोग्राम बंद पडायला हवे होते. पण नव्या सर्व्हरवर बाइंडरीचा आभास उभा करायची सोय कंपनीने ठेवली होती, आणि जुनी कामं चालू राहिली. जुन्याला वाट ठेवून पुढे जाता येतं, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पुढे नेटवेअरच मागे पडलं. त्याच्या शेवटच्या ६.५ आवृत्तीचा सर्वसाधारण आधार मार्च २०१० मध्ये संपला. तोवर सिलतऱ्यात विंडोज येऊन बरीच वर्षं झाली होती.

विंडोजच्या सर्व्हरबरोबर ‘कॅल’ आलं. सर्व्हरचं लायसन्स वेगळं आणि त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा यंत्राचं वेगळं. विंडोज सर्व्हर २००३ साठी घेतलेली कॅल त्या आणि त्याआधीच्या सर्व्हरला चालत. सर्व्हर २००८ केला, की सगळी कॅल पुन्हा घ्यायची. किती मालकांना हे कोटेशन घेताना कोणी समजावून सांगितलं असेल? म्हणून लहान कारखान्यांनी आपली वाट काढली. कोपऱ्यातल्या त्यातल्या त्यात बऱ्या पीसीवर एक्सपी प्रोफेशनल टाकायचं आणि त्यालाच सर्व्हर म्हणायचं. त्यावर एका वेळी दहाच जोडण्या चालत. अकरावा पीसी लावला की जोडणी नाकारली जाई, आणि भल्या माणसांचा अर्धा दिवस केबल तपासण्यात जाई.

या सगळ्यावर बसलं होतं टॅली. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी १९८६ साली बंगळूरला उभ्या केलेल्या कंपनीचं हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. २००५ साली टॅली ७.२ आलं. छत्तीसगडात १ एप्रिल २००६ पासून व्हॅट लागू झाला आणि जुन्या आवृत्तीवर समाधानी असलेल्यांनाही हलावं लागलं. २००९ साली टॅली.ईआरपी ९ आलं. एका पीसीसाठी ‘सिल्व्हर’, नेटवर्कसाठी ‘गोल्ड’. गोल्डची किंमत बरीच वर्षं ५४,००० रुपये अधिक कर अशी होती. एका ठिकाणच्या लॅनवर कितीही जण बसा, जास्तीचे पैसे नाहीत. नॉव्हेलच्या मोजदादीपुढे आणि कॅलच्या हिशेबापुढे हा सौदा सरळ होता, आणि टॅली इतकं पसरलं याचं एक कारण हा सरळपणा आहे असं मला वाटतं. नवी आवृत्ती मिळत राहावी म्हणून वर्षाकाठी किमतीच्या एक पंचमांश, म्हणजे १०,८०० रुपयांचं नूतनीकरण असे. ते केलं नाही तरी हातातलं सॉफ्टवेअर चालूच राही. ‘कायमचं’ हा शब्द इथे शब्दशः खरा होता.

अडचण लायसन्स ठेवायच्या जागेत होती. लॅनवरच्या एका यंत्रावर लायसन्सची सेवा चालते, बाकीचे पीसी तिथून परवानगी घेतात. ते यंत्र बदलायचं तर आधी जुन्यावरून लायसन्स ‘सरेंडर’ करायचं आणि मग नव्यावर चालू करायचं. चालू करायची किल्ली येते नोंदवलेल्या ईमेलवर. आणि तो ईमेल पुष्कळदा तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून भिलाईला गेलेल्या अकाउंटंटचा निघतो! सिलतऱ्याची हवा आणि वीज दोन्ही यंत्राला निर्दय. स्पंज आयर्नची काळी भुकटी सीपीयूच्या पंख्यात बसते, फर्नेस चालू-बंद होताना व्होल्टेज हेलकावे खातं, आणि एखाद्या संध्याकाळी हार्ड डिस्क जाते. लायसन्स सापडलं नाही की टॅली ‘एज्युकेशनल’मध्ये उघडतं, आणि त्यात नोंद करता येते ती महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेचीच. १७ तारखेला सळयांचा ट्रक भरून उभा असेल, तर त्याचं बिल कसं करणार?

तरीही २०१७ पर्यंत हे निभत होतं. बिल हाताने लिहिता येत होतं, कार्बन घालून तीन प्रती काढता येत होत्या, नोंद नंतर करता येत होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू लागलं. खोलीतला पीसी आता इंटरनेटवर सरकारी यंत्रणेशी बोलायला हवा होता. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला होता, सर्व्हर २००३ चा १४ जुलै २०१५ ला. सुरक्षित जोडणीसाठी जग टीएलएस १.२ कडे निघालं होतं आणि एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला ते येत नव्हतं. अनेकांनी आतलं जसंच्या तसं ठेवून इंटरनेटसाठी एक नवा पीसी आणला आणि आकडे दोनदा टंकले. वेळ जाई, चुकाही होत. पण त्या माणसांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

मग २०२० उजाडलं. त्या एका वर्षाने आधीच्या पंधरा वर्षांइतकी उलथापालथ केली. १४ जानेवारीला विंडोज ७, सर्व्हर २००८ आणि २००८ आर-टू या तिघांचा आधार संपला. मार्चअखेर टाळेबंदी आली. १ ऑक्टोबरला पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस लागू झालं. नोव्हेंबरात ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम आलं. १ जानेवारी २०२१ ला ई-इन्व्हॉइसची मर्यादा शंभर कोटींवर आली, १ एप्रिलला पन्नासवर. पोलादाच्या धंद्यात टनाचा भावच असा, की मध्यम रोलिंग मिलही या मर्यादांत सापडते. पुढे ही मर्यादा वीस, दहा आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली, तेव्हा उरलेलेही आत आले.

ई-इन्व्हॉइसने काय बदललं? बिल आधी सरकारी पोर्टलवर पाठवायचं, तिथून त्याला क्रमांक आणि क्यूआर कोड मिळायचा, तो छापूनच माल बाहेर पाठवायचा. म्हणजे सर्व्हर बसला की फाटक बंद. आधी भट्टी थांबली तर माल थांबे. आता हिशेबाच्या खोलीतली एक पेटी थांबली तरी थांबतो.

सॉफ्टवेअरमधूनच पोर्टलशी थेट जोडणी आली ती टॅलीप्राइममध्ये. ज्यांचं वार्षिक नूतनीकरण चालू होतं त्यांना प्राइम वेगळी किंमत न देता मिळालं, हे कंपनीच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण प्राइम चालतं ते विंडोज ७ किंवा त्यापुढच्या आणि तेही ६४ बिटांच्याच यंत्रणेवर. सिलतऱ्यातल्या कितीतरी पीसींचा प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही वर विंडोज ३२ बिटांचं होतं, कारण बसवताना कोणाला त्याची गरज वाटली नव्हती. सर्व्हर २००८ दोन्ही प्रकारांत मिळे, आर-टू फक्त ६४ बिटांत. २००९ च्या उन्हाळ्यात ३२ बिटांचा सर्व्हर घेतलेला बाहेर राहिला आणि त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर आर-टू घेतलेला आत आला. दोघांनाही तेव्हा या फरकाची कल्पना असायचं कारण नव्हतं.

यात वजनकाट्याचा बळी गेला. फाटकाजवळच्या काट्याचा आकडा सिरियल पोर्टवरून पीसीत घेणारे कितीतरी प्रोग्राम डॉसच्या काळातले, १६ बिटांचे होते. ३२ बिटांच्या विंडोजवर ते अजून चालत; ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचा प्रोग्राम थेट चालतच नाही. ज्याने सगळे पीसी एकदम ६४ बिटांवर नेले त्याचा काटा मुका झाला, आणि वजन पुन्हा चिठ्ठीवर आलं. गावातल्या ज्या मुलाने वीस वर्षांपूर्वी तो प्रोग्राम लिहिला होता तो एव्हाना कुठे असेल, कोण जाणे. टॅलीच्या नव्या आवृत्तीचा आणि वजनकाट्याचा काही संबंध नसताना एकाने दुसऱ्याला बंद पाडलं. अशा नुकसानीची नोंद कोणाच्याच वहीत होत नाही.

नंतर आला ऑडिट ट्रेल. २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने कंपन्यांवर प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर वापरायचं बंधन घातलं. दोनदा पुढे ढकलून ते १ एप्रिल २०२३ ला लागू झालं. टॅलीने त्यासाठी ‘एडिट लॉग’ आणलं. भागीदारीतल्या मिलला हे बंधन नाही, कंपनीला आहे, म्हणून शेजारी-शेजारी असलेल्या दोन कारखान्यांची गरज वेगळी झाली. २०२३ सालच्या ३.० आवृत्तीत हिशेबाच्या फाइलचा साचाही बदलला. एकदा वर नेलेला डेटा आधीच्या आवृत्तीत उघडत नाही, आणि एका लॅनवर सगळ्यांना एकच आवृत्ती लागते. एक जुना पीसी मागे राहिला की तो माणूसच कामाबाहेर.

या साऱ्यात मला सर्वांत जास्त खुपते ती जुन्या वह्यांची अवस्था. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेब आठ वर्षं जपायचे, वाद चालू असेल तर त्याहून जास्त. व्हॅट आणि एक्साइजची जुनी प्रकरणं अपिलात वर्षानुवर्षं पडून असतात. ७.२ चा डेटा आधी ईआरपी ९ मध्ये आणायचा, मग प्राइममध्ये; मधली पायरी गाळता येत नाही. म्हणून काही कारखान्यांत एक एक्सपीचा पीसी इंटरनेटपासून तोडून, कापड झाकून जपलेला असतो. त्याची डिस्क गेली की २००६ ते २०१७ चा पुरावा गेला. टॅली असो की दुसरं कोणतं, लायसन्स ही आपल्या मालकीच्या घरासारखी वस्तू, पण जमीन दुसऱ्याची. ही जमीन कोणत्या तारखेपर्यंत आपल्याखाली राहील, हे विकणाऱ्याने पावतीवर छापलंच पाहिजे: ही आवृत्ती अमुक सर्व्हरवर, अमुक सालापर्यंत. औषधाच्या पाकिटावर छापता येतं, तर इथे का नाही? आणि कर-खात्याने नवी तारीख लावताना लहान कारखान्याला यंत्र बदलायला किती महिने लागतात, हे एकदा तरी सिलतऱ्यात येऊन विचारलं पाहिजे.

तोवर करण्यासारखं थोडं आहे. लायसन्सचा अनुक्रमांक आणि नोंदवलेला ईमेल कारखान्याच्या नावाचा हवा, माणसाच्या नाही; आणि तो तिजोरीतल्या रजिस्टरात कागदावर हवा. प्रत्येक वर्ष बंद झालं की खातेवह्या, स्टॉक आणि बिलं पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेवावीत, कारण पीडीएफला सर्व्हर लागत नाही. काट्याचा पीसी वेगळाच ठेवावा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. सर्व्हर २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो, आणि तिथून अडीच महिन्यांवर मार्चअखेर आहे. ज्यांच्याकडे २०१६ चालू आहे त्यांनी कोटेशन आत्ताच मागवून, २०२६ च्या दिवाळीआधी सर्व्हर हलवून घ्यावा.