पाय कापण्याची वेळ येण्याआधी रक्तवाहिन्या तपासून घ्या

बाजारात चालता चालता बाबा एखाद्या दुकानासमोर थांबतात. पोटरीत गोळा आलेला असतो. दोन-चार मिनिटं उभं राहिलं की बरं वाटतं आणि ते पुन्हा चालू लागतात. विचारलं तर म्हणतात, ‘‘वय झालं आता!’’ पण चालताना पाय दुखणं आणि थांबताच दुखणं कमी होणं, हे पायाच्या धमनीत अडथळा असल्याचं लक्षण असू शकतं.

अडथळा का होतो?

हृदयाप्रमाणेच पायाच्या धमन्यांमध्येही चरबीचा थर साचतो. विडी-सिगारेट, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल ही त्याची मुख्य कारणं. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर दुखणं जाणवतही नाही. थेट न भरणारी जखम दिसते.

तपासणी सोपी आहे

घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात. घोट्याचा दाब दंडाच्या 0.9 पट किंवा त्याहून कमी असेल तर अडथळ्याची शक्यता असते. मग डॉप्लर सोनोग्राफीत नेमकी जागा कळते.

मोठी चीर न देता उपचार

सुरुवातीच्या टप्प्यात तंबाखू सोडणं, रोज चालणं आणि औषधं यांनीच बराच फरक पडतो. त्रास वाढला किंवा जखम भरत नसेल तर अँजिओप्लास्टी करतात. बहुतेक वेळा फक्त ती जागा बधिर करून जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवतात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत अडथळ्यापर्यंत पोहोचून छोटा फुगा फुगवतात, गरज असल्यास स्टेंट बसवतात. अनेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात.

या पद्धतीची सुरुवातच पायापासून झाली. 1964 मध्ये अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या 82 वर्षांच्या आजींची धमनी नळीने उघडली. आजी शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालल्या.

हेही लक्षात ठेवा

सुईच्या जागी रक्तस्राव होऊ शकतो, तपासणीच्या औषधाचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो आणि धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते. म्हणून उपचारानंतरही औषधं आणि तंबाखूबंदी सुटता कामा नये. अडथळा खूप लांब असेल तर बायपास जास्त योग्य ठरू शकतो.

उशीर कधी करू नये?

- रात्री झोपेत पाऊल दुखतं आणि पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवल्यावरच बरं वाटतं.
- बोट काळं पडतंय किंवा जखम भरत नाही.
- पाय अचानक थंड, फिकट आणि बधिर झाला. अशा वेळी तर काही तासही महत्त्वाचे असतात, ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठा.

कुणी पाय कापायचा सल्ला दिला असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा, ‘‘डॉक्टर, धमनी उघडून पाय वाचवता येईल का?’’ प्रत्येक वेळी उत्तर ‘हो’ असेलच असं नाही, पण वेळेवर विचारलं तर ‘हो’ मिळण्याची शक्यता नक्कीच वाढते.