साक्षीदार, वय वर्षे दहा

दोस्तांनो, गुरुजींनी भर वर्गात उभं करून विचारलं, "काच कोणी फोडली रे?" की पोटात कसा गोळा येतो ना? आता वर्गाऐवजी कोर्ट आहे असं समजा. उंच खुर्चीवर न्यायाधीश, काळ्या कोटातले वकील, आणि ज्याच्याविरुद्ध सांगायचं तो माणूसही समोरच!

देविका रोटावनला हे सगळं करावं लागलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ती वडील आणि भावाबरोबर मुंबईच्या सीएसटी स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट पाहत होती. अतिरेक्यांनी गोळीबार केला आणि एक गोळी तिच्या उजव्या पायात घुसली. पायावर कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. जून २००९ मध्ये ती कुबडी घेऊन आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात आली आणि बोट दाखवून तिनं कसाबला ओळखलं. वय अवघं दहा!

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पोरीचं कोर्ट ऐकतं? ऐकतं तर! साक्षीदाराला वयाची अटच नाही. प्रश्न समजला पाहिजे आणि नीट उत्तर देता आलं पाहिजे, बस्स. म्हणून न्यायाधीश आधी साधंच विचारतात, नाव काय, कितवीत आहेस, खोटं बोललं तर काय होतं? बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ म्हणजे काय ते कळत नसेल, पण खरंच बोलायचं हे कळत असेल, तर शपथेशिवायही साक्ष घेतात.

मग घरचे म्हणतात, "चल, तुझी तयारी करून घेऊ." इथंच खरी गोम आहे बरं का! कोर्टाची खोली कशी असते, कोण कुठे बसतं, पाणी मागता येतं, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारता येतो, हे जरूर सांगावं. पण उत्तर? ते मुळीच सांगायचं नाही. उलटतपासणीत वकील हटकून विचारतात, "हे तुला कोणी शिकवलं?" साक्षीदार पढवलेला वाटला, तर त्याच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. आम्ही शिक्षक मंडळी पाठांतराची भारी हौशी! पण इथं पाठांतर घातक. "आठवत नाही" हेसुद्धा कोर्टात चांगलं उत्तर असतं, जर ते खरं असेल तर.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांसाठी २०१२ साली पॉक्सो नावाचा कायदा आला. त्यात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांना सांगतात आणि न्यायाधीश मुलाला विचारतात. आरोपी मुलाच्या नजरेला पडू नये म्हणून मध्ये पडदा लावतात किंवा व्हिडिओवरून साक्ष घेतात. अधूनमधून सुट्टी मिळते. आई, मावशी, ज्यांच्यावर मुलाचा विश्वास असेल ते माणूस सोबत बसू शकतं. मुलाचं नाव, शाळा, घर काहीच छापायचं नाही. साक्षीसाठी अशा वेगळ्या खोल्या सगळीकडे असाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये बजावलं.

मी पोलादपूर तालुक्यात शिकवते. आमच्याकडे घाटाखालच्या वाडीतल्या पोराला मोठ्या खटल्यासाठी माणगावला जायचं तर पहाटेच निघावं लागतं. पोलादपूरला यायचं, एस. टी. धरायची, महाड मागे टाकायचं. पोहोचेपर्यंत पोर पेंगुळलेलं आणि उपाशी. आणि त्या दिवशी कामच झालं नाही, तर पुढची तारीख! म्हणून मला वाटतं, पडद्याइतकाच पिशवीतला भाकरीचा डबाही महत्त्वाचा. पोर लहान असेल तर त्याची आवडती गोधडीही घ्यावी.

देविकाचं पुढे काय झालं, ते मात्र वाईट वाटण्यासारखं आहे. अतिरेक्यांच्या भीतीनं लोक तिच्या कुटुंबापासून दूर राहू लागले. शाळासुद्धा तिला प्रवेश द्यायला कचरल्या. कोर्टात ती धीटपणे बोलली, आणि बाहेर तिच्या शेजारी बसायला मोठी माणसं घाबरली! तुमच्या वर्गातलं कोणी साक्ष देऊन परत आलं, तर "काय काय विचारलं गं?" म्हणून घेराव घालू नका. त्या दिवशी बुडालेला अभ्यास तेवढा तिला दाखवा, आणि डबा खायला बोलवा.