विश्लेषण : टेकडी मुलांना ‘ओसाड’ का वाटते? वही-पेन्सिलीने काय बदलतं?

पुण्याच्या वेताळ टेकडीवर सुटीच्या दिवशी आई-बाबांसोबत मुलंही चालायला येतात. खाली उतरल्यावर काय दिसलं विचारलं, तर बहुधा उत्तर येतं : मोर आणि कुत्री. बाकी सगळी ‘झाडंझुडपं’.

यात फक्त मुलांचा दोष नाही. विरळ झुडपांची जमीन केंद्र सरकारच्या ‘वेस्टलँड अ‍ॅटलास’मध्येही पडीक म्हणूनच मोजली जाते. पुण्याच्या टेकड्या मुळात तशाच आहेत : पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात निष्पर्ण झाडं. त्या हिरव्या दिसाव्यात म्हणून परदेशी ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प, मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. सालई, मोई, मेडशिंगी ही इथली झाडं मात्र उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसतात आणि नजरेतून सुटतात. जिथे ‘काहीच नाही’ असं वाटतं, तिथून उद्या रस्ता गेला तरी कुणाला काही हरवल्यासारखं वाटत नाही.

चित्रच का, फोटो का नाही?

फोटो क्षणात निघतो आणि बघायचं राहून जातं. चित्र काढताना मात्र पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे ठरवावंच लागतं. ‘पळसाला पानं तीन’ ही म्हण घरोघरी माहीत असते. पण पळसाची फांदी समोर ठेवून चित्र काढणाऱ्या मुलाला कळतं की मधलं पान मोठं आहे आणि बाजूची दोन तिरकी.

पावसाळ्यानंतर मोज्यांत घुसणारं कुसळ घ्या. त्याची लांब शेपटी वाळली की पिळवटते. चित्र काढून झाल्यावर तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाका : पीळ सुटू लागतो आणि कुसळ गरागरा फिरतं. याच युक्तीने ते बी मातीत शिरतं. मुलांना हे एकदा दाखवाच.

सुरुवात कशी करायची?

एकच झाड निवडा आणि महिन्यातून एकदा तरी त्याच झाडापाशी जा. साधी वही आणि पेन्सिल पुरते. खोडरबर घरीच ठेवलेला बरा. वीस मिनिटं पुष्कळ झाली. पानावर तारीख, वेळ आणि ऊन होतं की ढग, एवढं लिहायला लावा. अमेरिकेतले निसर्गचित्रकार जॉन म्युअर लॉज मुलांना तीन गोष्टी विचारायला सांगतात : काय दिसलं, कोणता प्रश्न पडला आणि हे कशासारखं वाटतं. झाडाचं नाव सांगायची घाई नको. नाव कळलं की मुलं बघायचं थांबवतात, असा अनेक पालकांचा अनुभव असेल. ओळख पटवणारं मोबाइल अ‍ॅप घरी आल्यावर उघडा.

‘छान काढलंस’ यापेक्षा ‘हे पान तुझ्या किती बोटांएवढं आहे?’ हा प्रश्न जास्त उपयोगी. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालतं, मोजमाप खरं हवं.

काय सांभाळायचं?

उंच गवतात बसू नका, साप असू शकतात. पायात बंद बूट हवेत. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवरच, खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर आल्या वाटेने मागे फिरा आणि तिचं चित्र लांबूनच काढा.