स्थिरवस्तुचित्रण

घरगुती भांडी, खाद्यपदार्थ, फळे, फुले, शिकार केलेले पशुपक्षी अशा अचल वस्तूंची मांडणी हाच ज्याचा मुख्य विषय असतो, असा चित्रप्रकार. त्यास इंग्रजीत ‘स्टिल लाइफ’ म्हणतात. सतराव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेल्या ‘स्टिलेव्हन’ या डच शब्दाशी ही संज्ञा निगडित आहे. असे चित्रण मात्र या नावाच्या आधीपासून होत होते आणि त्याच्या घडणीत फ्लँडर्सचा, विशेषतः अँटवर्प या व्यापारी बंदराचा, वाटा मोठा आहे.

उत्तर यूरोपातील पंधराव्या शतकातील चित्रांत तस्त, सुरई किंवा एखादे फळ येई, ते धार्मिक प्रसंगाचे उपांग म्हणून. सोळाव्या शतकात हा क्रम उलटू लागला. पीटर आर्ट्‌सेन (सु. १५०८–७५) याच्या १५५१ मधील मांसाच्या दुकानाच्या चित्रात मांसाचे तुकडे, मासे व लोणी यांनी सारा अग्रभाग व्यापला आहे, इजिप्तकडे निघालेली आणि वाटेत भिकाऱ्यास अन्न देणारी मेरी पार्श्वभागी, लहान आकारात दिसते. पुढील दोन पिढ्यांत हा पार्श्वभागही गळाला आणि केवळ टेबल व त्यावरील वस्तू उरल्या. फ्रान्स स्नायडर्स (१५७९–१६५७) याने शिकार, फळे आणि भाज्या यांचे भव्य ढीग रंगविले.

याहून आटोपशीर, पण अधिक सखोल निरीक्षण क्लारा पेटर्स (कार. सु. १६०७–२१) हिच्या चित्रांत आढळते. द हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात असलेले तिचे चीज, बदाम आणि प्रेट्झेल (पिळाची खारी बिस्किटे) यांचे चित्र (सु. १६१५) जेमतेम ३५ × ५० सेंमी. आकाराच्या लाकडी फलकावर तैलरंगात रंगविलेले आहे. गडद पार्श्वभूमीपुढे चीजचे कापलेले गोळे एकावर एक रचले असून त्यांवरील बशीत लोण्याच्या वळ्या आहेत. चिनी मातीच्या तबकात बदाम, मनुका व अंजीर, शेजारी काचेचा नाजूक पेला आणि झाकणाचा मातीचा चंबू आहे. चीजचा कोरडा काप, लोण्याची ओलसर चकाकी आणि चिनी मातीचा थंड गुळगुळीतपणा यांतील भेद केवळ रंगलेपनाने स्पर्शगोचर व्हावेत, हे या चित्राचे खरे यश होय. चांदीच्या सुरीच्या मुठीवर चित्रकर्त्रीचे नाव कोरलेले दाखविले आहे आणि चंबूच्या धातूच्या झाकणात तिची स्वतःची इवलीशी प्रतिमा उमटली आहे. नग्न मानवाकृतीच्या अभ्यासाची दारे स्त्रियांना बंद असल्याने प्रसंगचित्रणाच्या प्रतिष्ठित क्षेत्रात त्यांना सहसा प्रवेश नव्हता. त्या काळी एका स्त्रीने आपली सही व मुद्रा अशा रीतीने ताटाकाठी नोंदवावी, हे लक्षणीय आहे.

अशा प्रत्येक चित्रात जीवनाच्या क्षणभंगुरतेचा उपदेश शोधण्याची प्रथा आहे. कवटी वा विझलेली मेणबत्ती दाखविणाऱ्या ‘व्हानितास’ चित्रांपुरती ती योग्य ठरते. चीज व लोण्याच्या बाबतीत मात्र ती ताणलेली वाटते. शिवाय ही चित्रे ‘सामान्य घरातील’ म्हणावीत, तर चीनहून जहाजाने आलेले तबक आणि दक्षिण यूरोपातील सुकामेवा गरिबाच्या टेबलावर नसे.

फ्रेंच कलामीमांसक आंद्रे फेलिब्यँ याने १६६७ मध्ये चित्रविषयांची जी उतरंड मांडली, तीत स्थिरवस्तू तळाशी होत्या. यूरोपीय अकादमींची शिक्षणपद्धती भारतात आली, तेव्हा ही दृष्टीही आली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) वस्तूंचे चित्रण हा प्रामुख्याने हात व डोळा तयार करण्याचा पाठ होता. महाराष्ट्रात मुंबईपासून गोंदियापर्यंतचे शालेय विद्यार्थी ज्या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात, त्यांपैकी इंटरमिजिएट परीक्षेत ‘स्थिरचित्र’ हा विषय असतो. तांब्या, कपबशी, एखादे फळ आणि मागे सोडलेले कापड ही मांडणी त्यांच्या परिचयाची आहे. मात्र या सरावातून बाहेर पडून स्थिरवस्तूंनाच आयुष्याचा विषय करणारे चित्रकार थोडे झाले.

त्यांत के. एच. आरा (१९१४–८५) यांचे स्थान वेगळे आहे. सिकंदराबादजवळील बोलारम येथे जन्मलेले आरा लहानपणीच मुंबईस आले. घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते संस्थापक सदस्य होते. फुलदाण्या, फळे व भांडी त्यांनी पुनःपुन्हा रंगविली. १९५२ चे बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना ‘टू जग्ज’ या चित्रासाठी मिळाले. फ्लेमिश चित्रातील सूक्ष्म तपशील त्यांच्या कामात नाही. जाड, जोरकस रंगलेपन आणि आकारांची ठसठशीत घडण हा त्यांचा विशेष. त्याच गटातील, गोव्यात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२) यांनी आपल्या काही स्थिरवस्तुचित्रांत ख्रिस्ती उपासनेतील पात्रे मांडली.